सिल्मरिलियन पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचताना

जे. आर. आर. टोल्किन यांचे ‘द सिल्मरिलियन’ विकत घेणारे पुष्कळ असतात आणि त्याचे शेवटचे पान गाठणारे थोडे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ दोन-तीनदा वाचून काढलेली माणसेही या पुस्तकात पन्नास-साठ पानांवर थबकतात. मग ते काही दिवस उशाशी राहते, नंतर कपाटात जाते आणि शेवटी एखाद्या भाच्याच्या हाती लागते. मी स्वतः ते दोनदा अर्धवट सोडले, पहिल्या वेळी देवतांच्या यादीत आणि दुसऱ्या वेळी चौदाव्या प्रकरणातल्या भूगोलात. तिसऱ्या खेपेस, नागपूरच्या एका उन्हाळ्यात, ते पूर्ण झाले. त्या वेळी जे उपयोगी पडले ते येथे लिहीत आहे. पुस्तक इंग्रजीतून वाचणाऱ्या, पण घरी आणि शाळेत मराठीत वाढलेल्या वाचकासाठी हे लेखन आहे, कारण अशा वाचकाजवळ या पुस्तकाला लागणारी बरीचशी तयारी लहानपणापासून असते आणि ती येथे कामी येईल हे त्याच्या लक्षात आलेले नसते.

सर्वांत आधी हे पुस्तक कोणत्या जातीचे आहे ते ध्यानात घ्यावे. टोल्किन १९७३ मध्ये वारले आणि हे पुस्तक त्यानंतर चार वर्षांनी, १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर टोल्किन यांनी वडिलांच्या कागदपत्रांतून ते सिद्ध केले, आणि त्या कामी त्यांना गाय गॅव्हरिएल के या तरुणाची मदत झाली, जे पुढे स्वतः अद्भुतकादंबरीकार म्हणून नावारूपाला आले. यातील कथांचा आरंभ पहिल्या महायुद्धाच्या काळातला आहे. टोल्किन त्या जन्मभर लिहीत, मोडत आणि पुन्हा लिहीत राहिले, कधी पद्यात, कधी सनावळीच्या रूपात, कधी नुसत्या सारांशात. त्यांची बालकादंबरी ‘हॉबिट’ १९३७ मध्ये गाजल्यावर त्यांनी हे साहित्य प्रकाशकांपुढे ठेवले होते, पण प्रकाशकांना हॉबिटांचीच आणखी एक गोष्ट हवी होती, आणि त्या मागणीतून १९५४-५५ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आले. म्हणजे वाचकाला जी पूर्वकथा वाटते ती लेखकाच्या दृष्टीने मूळ कथा होती. तिच्यात संवाद थोडे आहेत, एकाच नायकाचा पाठलाग नाही, आणि एका वाक्यात शेकडो वर्षे उलटतात. कादंबरी म्हणून ती हाती घेतली की वाचक पहिल्या पानापासून कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चालायला बघतो, आणि तसा खांदा त्याला बराच वेळ मिळत नाही.

शेजारच्या मुलाने माझ्या हातातले पुस्तक चाळून विचारले होते, “काकू, याच्यात हिरो कोण आहे जी?” मी म्हटले, “हिरो नाही रे बाबा, हिरे आहेत. तीन.” उत्तर थट्टेत दिले होते, परंतु पुढे वाचताना मला त्याचाच आधार झाला. सिल्मरिल नावाची तीन रत्ने, ती घडविणारा, एल्फ या अमर जमातीतला फेआनोर, आणि ती जो कोणी अडकवून ठेवील त्याचा पाठलाग करण्याची त्याने व त्याच्या सात मुलांनी घेतलेली शपथ, एवढ्या तीन खुंट्यांवर मधला मोठा भाग टांगलेला आहे. भीष्मप्रतिज्ञेने एका घराण्याचे काय होते हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. येथे तसलीच प्रतिज्ञा आहे, फक्त ती रागाच्या भरात आणि आठ जणांनी घेतलेली आहे. वाचताना धागा सुटला की मी पुस्तक मिटून दोनच प्रश्न विचारीत असे: रत्ने आत्ता कोणाकडे आहेत, आणि शपथेने या क्षणी कोणाचे हात बांधलेले आहेत? या दोहोंची उत्तरे देता आली की पुढे जावे, बाकी कितीही विसरले असले तरी चालते. मात्र रत्ने सातव्या प्रकरणात घडतात आणि शपथ नवव्या प्रकरणात घेतली जाते, त्यामुळे तोपर्यंतचा भाग आदिपर्वासारखा धीराने ऐकून घ्यायचा असतो.

ऐकून घेणे हा शब्द मी मुद्दाम वापरते. माझी आजी नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरी चातुर्मासात ‘पांडवप्रताप’ वाचीत असे. त्याचे अध्याय ६४. ती रोज एक वाचायची, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पाटावर. एखाद्या ओवीत आठ राजांची नावे एकापाठोपाठ आली तर ती त्याच लयीत म्हणून पुढे जायची. त्यांतले कोण कुठले, हे तिला प्रत्येक वेळी ठाऊक होते असे मला वाटत नाही, आणि त्यावाचून तिचे अडतही नव्हते, कारण ज्याचे नाव महत्त्वाचे असते ते पुन्हा येते हे तिला माहीत होते. सिल्मरिलियनच्या पहिल्या वाचनाला हीच रीत लावावी. प्रत्येक अनोळखी नावापाशी थांबून मागची सूची उघडणारा वाचक थकतो. मी पहिल्या दोन्ही वेळी तेच केले. तिसऱ्या वेळी एका प्रकरणाच्या वाचनात सूची फक्त एकदा उघडायची असा नियम केला, आणि ती एकच संधी कोणत्या नावावर खर्च करायची हे ठरवताना बहुतेक नावे आपोआप बिनमहत्त्वाची ठरू लागली.

पारायणाचा हिशेबही येथे सोयीचा पडतो. पुस्तकाचे पाच भाग आहेत. सुरुवातीला विश्वोत्पत्तीचा ‘आइनुलिंदाले’ आणि देवतांच्या परिचयाचा ‘वालाक्वेंता’, मध्ये २४ प्रकरणांचा मुख्य ‘क्वेंता सिल्मरिलियन’, आणि शेवटी नूमेनोर बेटाच्या नाशाचा ‘आकाल्लाबेथ’ व मुद्रिकांच्या इतिहासाचे एक प्रकरण. एकूण बैठका २८ होतात. चौथे आणि बारावे प्रकरण अगदीच छोटे आहे. एकोणिसावे आणि एकविसावे प्रत्येकी दोन-तीन दिवस घेते. म्हणजे रोज एक बैठक धरली तर महिनाभरात पुस्तक संपू शकते. मला सहा आठवडे लागले, कारण मध्ये एक लग्न आले. जाडीचे भय तर बाळगूच नये. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या एक तृतीयांश इतकाही मजकूर यात नाही.

प्रत घेताना छापील घ्यावी. फोनवर किंवा किंडलवर वाचायला हरकत काहीच नाही, परंतु या पुस्तकात सतत मागे-पुढे जावे लागते आणि शेवटच्या वंशावळी, उच्चारांची टीप, नावांची सूची व नकाशा यांच्यात एक बोट अडकवून ठेवता येण्याला मोल आहे. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून पुस्तकाच्या आरंभी टोल्किन यांनी १९५१ मध्ये लिहिलेले एक लांबलचक पत्र छापलेले असते. ते उत्तम आहे, मात्र त्यात सगळ्या कथेचा सारांश येतो. तेव्हा ते शेवटी वाचावे. ख्रिस्तोफर टोल्किन यांची प्रस्तावना छोटी आहे, ती अवश्य आधी वाचावी, कारण संपूर्ण सुसंगतीची अपेक्षा ठेवू नये हे ते स्वतःच सांगून टाकतात आणि वाचकाच्या डोक्यावरचे निम्मे ओझे तेथेच उतरते.

आता नावांचा प्रश्न, ज्यावर बहुतेकांचे वाचन फुटते. माझ्या मते ही अडचण स्मरणशक्तीची कमी आणि लिपीची जास्त आहे. रोमन अक्षरांत, डोक्यावर टिंबे आणि तिरप्या रेघा घेऊन आलेले नाव डोळ्याला दिसते पण कानात वाजत नाही, आणि जे वाजले नाही ते ध्यानात राहत नाही. उपाय साधा आहे. मागची उच्चारांची टीप वाचावी आणि प्रत्येक महत्त्वाचे नाव पेन्सिलीने समासात देवनागरीत लिहावे. ही भाषा जणू देवनागरीसाठीच घडवली असावी इतकी त्यात नीट बसते. इंग्रजी ‘सी’ हे अक्षर येथे नेहमी ‘क’ असते, म्हणून फेआनोरच्या तिसऱ्या मुलाचे नाव केलेगॉर्म, सेलेगॉर्म नव्हे. स्वरावरची तिरपी रेघ म्हणजे दीर्घ स्वर. ऱ्हस्व-दीर्घाचे नियम शाळेत घोकलेल्या माणसाला ‘तूरिन’ आणि ‘लूथिएन’ यांतला ऊकार वेगळा शिकवावा लागत नाही. दोन टिंबे असलेला स्वर स्वतंत्र उच्चारायचा, म्हणून फेआनोर, एआरेंदिल, आणि शब्दाच्या शेवटी आला तरी तो गिळायचा नाही: मान्वे, औले, फिन्वे. ‘र’ कुठेही असो, आपल्या ‘र’सारखा खणखणीत म्हणायचा. इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांना येथे जिभेला वळण लावावे लागते. आपले काम आयतेच झालेले असते. ‘थ’ मात्र आपल्या ‘थ’पेक्षा हवेशीर आहे, पण स्वतःशी वाचताना तेवढा फरक चालवून घ्यावा.

एकाच व्यक्तीला अनेक नावे असणे ही दुसरी तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती मराठी वाचकाने करावी याचे मला आश्चर्य वाटते. पार्थ, धनंजय, सव्यसाची, किरीटी आणि विराटाघरची बृहन्नडा हा एकच गडी, हे ज्याला सातव्या वर्षी ठाऊक होते त्याने कथेतला शत्रू मेल्कोर याला पुढे मॉर्गोथ म्हणतात किंवा एल्वे आणि थिंगोल राजा एकच, यावर अडून बसू नये. तूरिन तर प्रत्येक मुक्कामी नवे नाव घेतो, आणि प्रत्येक नावामागे काहीतरी लपवायचे असते. तेथे नावांची गर्दी हाच कथेचा विषय आहे.

सारख्या दिसणाऱ्या नावांचा गुंता मात्र खरा आहे. फिन्वे, फिंगोल्फिन, फिनार्फिन, फिंगोन, फिनरोद ही पाच नावे म्हणजे धृतराष्ट्र, धृष्टद्युम्न आणि धृष्टकेतू एकाच दारात उभे राहिल्यासारखे आहे. यासाठी वंशावळ स्वतःच्या हाताने काढण्याला पर्याय नाही. पुस्तकामागची छापील पाहून भागत नाही. मी गेल्या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे एक मोठे पान उलटे करून स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. सर्वांत वर फिन्वे. त्याखाली दोन बायका: डावीकडे मीरिएल, तिचा एकुलता एक मुलगा फेआनोर, उजवीकडे इंदिस, तिची मुले फिंगोल्फिन आणि फिनार्फिन. सावत्रपणाची ही एक आडवी रेघ काढली की निम्मे पुस्तक समजू लागते. फेआनोरखाली सात मुले: माएध्रोस, माग्लोर, केलेगॉर्म, कारान्थिर, कुरुफिन आणि आम्रोद-आम्रास हे जुळे. फिंगोल्फिनखाली फिंगोन, तुर्गोन आणि त्यांची बहीण आरेधेल. फिनार्फिनखाली फिनरोद, त्याचे भाऊ आणि गालाद्रिएल, जिला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वाचकाने आधी पाहिलेले असते आणि जी येथे भेटल्यावर माहेरच्या गावचे माणूस परगावी भेटल्यासारखे वाटते. पहिल्या दिवशी एवढेच लिहावे. बाकीची घराणी, विशेषतः माणसांची बेओर आणि हादोर ही दोन, सतराव्या प्रकरणात पोहोचल्यावर पानाच्या खालच्या अंगाला जोडावीत. जो मरेल त्याच्या नावापुढे फुली करीत गेले. कुकर लावताना, चहाचा डबा काढताना दिवसातून दहा वेळा ते पान समोर येई, आणि तिसऱ्या आठवड्यात मला त्याची गरज उरली नाही.

देवतांच्या बाबतीत एवढाही खटाटोप करू नये. ‘वालाक्वेंता’त सात देव आणि सात देवी, अशा चौदांचा परिचय येतो, शिवाय त्यांचे सेवक. हा भाग एका बैठकीत वाचून टाकावा, पाठ करू नये, पानाचा कोपरा दुमडून ठेवावा. लक्षात ठेवण्यापुरती आपल्याकडची ओळख वापरता येते: मान्वे वाऱ्याचा आणि सर्वांचा प्रमुख, उल्मो वरुणासारखा पाण्याचा, औले विश्वकर्म्यासारखा कारागीर, मान्दोस यमासारखा मृतांचा राखणदार आणि निवाडा सांगणारा, वार्दाने तारे लावले, यावान्ना झाडाझुडपांची. ही बरोबरी तंतोतंत नाही आणि पुढे ती मोडतेही, परंतु पहिल्या शंभर पानांपुरती काठी म्हणून पुरते.

इंग्रजीबद्दल थोडे. भाषा जुन्या वळणाची आहे, पण कठीण शब्द मोजकेच आहेत आणि तेच पुन:पुन्हा येतात, म्हणून वीस-पंचवीस शब्दांची यादी मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवली तर कोश उघडावा लागत नाही. ‘रॉट’ म्हणजे घडविलेले, ‘हिदर’ आणि ‘दिदर’ म्हणजे इकडे आणि तिकडे, ‘व्हेन्स’ म्हणजे कोठून, ‘किन’ म्हणजे भाऊबंद. ‘फेअर’ बहुतेक वेळा सुंदर या अर्थी येतो आणि ‘फेल’ पडण्याशिवाय क्रूर या अर्थीही येतो. ‘डूम’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. त्याचा अर्थ नुसता सर्वनाश घेतला तर अनेक वाक्ये चुकतात, कारण येथे तो निवाडा आणि विधिलिखित या दोहोंच्या मधला आहे. वाक्ये लांब असली तरी ती बोलण्याच्या लयीत रचलेली आहेत. न समजलेले वाक्य मोठ्याने वाचावे, ते बहुधा उलगडते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी मार्टिन शॉ यांच्या आवाजातील ध्वनिपुस्तक लावून समोर पान उघडे ठेवावे. पहिला भाग, ज्यात सारी सृष्टी संगीतातून निर्माण होते, तो तर मला ऐकूनच पहिल्यांदा नीट कळला.

आता चौदावे प्रकरण. तेराव्यात युद्ध आहे, सूड आहे, सुटका आहे. वाचक नुकताच रंगलेला असतो, आणि पान उलटताच गोष्ट थांबून ती जेथे घडते त्या बेलेरिआंद प्रदेशाचे नद्या-डोंगर आणि कोणाचे राज्य कोठे याचे वर्णन सुरू होते. त्यात घटना म्हणून काही घडत नाही. येथे सोडून दिलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत. काही अनुभवी वाचक हे प्रकरण सरळ गाळायला सांगतात; मी तसे सांगणार नाही, कारण पुढच्या दहा प्रकरणांतल्या सगळ्या लढाया याच जमिनीवर होतात आणि कोणाची मदत कोणापर्यंत का पोहोचली नाही हे नकाशावाचून कळत नाही. पण ते वाचायचे नसते. ते रंगवायचे असते.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जाऊन नकाशाची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढून आणावी; माझ्या प्रतीतला नकाशा इतका बारीक होता की तो वाढविल्याशिवाय नावेच दिसत नव्हती. चार रंगांच्या पेन्सिली घ्याव्यात. पुस्तक डाव्या हाताला, कागद उजव्या, आणि वाक्य वाचायचे, बोटाने जागा शोधायची, रंग भरायचा. आधी चार दिशा पक्क्या कराव्यात: उत्तरेला शत्रू मॉर्गोथ, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला निळे पर्वत, दक्षिणेकडे गोष्ट फारशी जात नाही. मग मधली सिरिओन नदी. नागपूरच्या वाचकासाठी एक खूण सांगते. मेट्रोची ऑरेंज लाइन जशी शहराच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते तशी सिरिओन बेलेरिआंदच्या मधून उतरते आणि त्याचे पश्चिम व पूर्व असे दोन भाग करते. आणि अ‍ॅक्वा लाइन जशी तिला आडवी छेदते तशी आन्द्राम नावाची डोंगरभिंत पूर्व-पश्चिम पसरली आहे. फरक एवढाच की आपल्याकडे दोन्ही मार्ग सीताबर्डीला एकमेकांवरून जातात, तर सिरिओन त्या भिंतीपाशी जमिनीत शिरते आणि पलीकडे पुन्हा बाहेर येते. हा क्रॉस कागदावर जाड काढला की उरलेले पटापट बसते. वायव्येला हिथलुम, तेथे फिंगोल्फिन आणि फिंगोन: एक रंग. उत्तरेचे दोर्थोनिओनचे पठार, सिरिओनच्या खिंडीतले बेट आणि नैर्ऋत्येला नारोग नदीवरचे नार्गोथ्रोंद ही फिनार्फिनच्या मुलांची ठाणी: दुसरा रंग. ईशान्येला आणि पूर्वेला, जेथे डोंगराची आडभिंत कमी आणि हल्ल्याचे भय जास्त, तेथे फेआनोरचे सात मुलगे: तिसरा. आणि मधोमध थिंगोलचे दोरिआथचे अरण्य, जेथे राणी मेलिअनच्या मायेच्या कुंपणामुळे परवानगीवाचून कोणी शिरू शकत नाही: चौथा.

हे करायला मला दोन दुपारी लागल्या. नवतपा सुरू होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि कूलर पूर्ण जोरात चालू होता. पंख्याच्या वाऱ्याबरोबर येणारा पाण्याचा फवारा कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर बसत गेला आणि संध्याकाळी पाहते तो बरोबर हिथलुमचा भाग फुगून त्यावरचा रंग पसरला होता. हिथलुम या नावाचा अर्थच धुक्याचा प्रदेश. तो डाग मी तसाच राहू दिला. आजही ते राज्य कोठे आहे हे मला नकाशा न बघता सांगता येते. ज्यांना कूलरसमोर बसून वाचायचे आहे त्यांनी कागद मात्र बाजूला धरावा.

उन्हाळा हा आपल्याकडे या पुस्तकाला सर्वांत योग्य ऋतू, असे माझे प्रामाणिक मत आहे. बाराच्या पुढे पारा पंचेचाळिसाकडे सरकू लागला की चार वाजेपर्यंत कोणी येत नाही, कोणी बोलावीत नाही, आणि अशी सलग, निर्वेध वेळ बाकीच्या दहा महिन्यांत मिळत नाही. नोकरी करणाऱ्यांनी सकाळची अर्धी घटका राखावी. मेट्रोत किंवा बसमध्ये हे पुस्तक नव्याने पुढे वाचू नये, आदल्या दिवशी वाचलेले प्रकरण चाळण्यापुरताच तो वेळ वापरावा. लोकमान्य नगरहून सीताबर्डीला पोहोचेपर्यंत एक प्रकरण सहज नजरेखालून जाते. खंड पडू देऊ नये हे मात्र कटाक्षाने पाळावे. चार दिवस गेले की नावे विरतात आणि मग माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची ही ओढ या पुस्तकाची खरी वैरीण आहे. खंड पडलाच तर कपाटावरची वंशावळ पाहावी, शेवटचे वाचलेले प्रकरण उघडावे आणि तेथूनच पुढे निघावे.

काही जण एकोणिसावे प्रकरण, म्हणजे बेरेन आणि थिंगोलची मुलगी लूथिएन यांची कथा, आधी वाचायला सांगतात, कारण ती सर्वांत सुंदर आहे आणि वेगळी वाचली तरी समजते. मला ते पटत नाही. शत्रूच्या मुकुटातले एक रत्न आणून दे, असे थिंगोल बेरेनला सांगतो तेव्हा वाचकाच्या पोटात गोळा यायला हवा, आणि तो शपथ आधी वाचलेल्यालाच येतो. आधी वाचणाऱ्याला ती नुसती मुलीच्या बापाने घातलेली अवघड अट वाटते. क्रमाने वाचत येणाऱ्याला हे प्रकरण अठराव्यातल्या पराभवानंतर, मन जड झालेले असताना मिळते आणि तेथेच ते शोभते. हे प्रकरण एका दमात संपवू नये. टोल्किन यांनी ऑक्सफर्डजवळच्या वुल्व्हरकोट येथील दफनभूमीत पत्नी एडिथ यांच्या नावाखाली ‘लूथिएन’ असे कोरवून घेतले आणि त्यांच्या स्वतःच्या नावाखाली ‘बेरेन’ कोरले गेले, एवढे ठाऊक असले की वाचण्याचा वेग आपोआप कमी होतो.

विसाव्यापासून उतार लागतो, आणि तो सोसायचा असतो. विसाव्यात मोठा रणसंहार आहे, एकविसाव्यात तूरिनची कथा, बाविसाव्यात दोरिआथचा नाश आणि तेविसाव्यात गोन्दोलिन नगराचा. तूरिनच्या कथेला पुरते तीन दिवस द्यावेत आणि त्या दिवसांत दुसरे काही वाचू नये. मी ती रात्री झोपण्यापूर्वी वाचण्याची चूक केली. कर्णाची आठवण येते, पण कर्णाला निदान आपली आई कोण हे शेवटी कळून काही उपयोग होता. येथे कळणे हाच घाव आहे. याहून अधिक सांगत नाही. कपाटाच्या पानावर या आठवड्यात फुल्या भराभर वाढतात. चोविसावे प्रकरण वाचून झाले की तिन्ही रत्नांचे काय होते ते कळते, आणि बरेच वाचक तेथे पुस्तक संपले असे समजून थांबतात. थांबू नये. ‘आकाल्लाबेथ’ स्वतंत्रपणे वाचता येण्याजोगे आहे आणि समुद्रात गडप झालेल्या द्वारकेची गोष्ट ऐकलेल्याला त्याचा शेवट लांबून ऐकू येऊ लागतो. त्यानंतरच्या शेवटच्या प्रकरणात ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची हजारभर पानांची कथा काही परिच्छेदांत आटोपते, आपण ज्याला महायुद्ध समजत होतो त्याची या मोठ्या वहीत एवढीच नोंद, हे पाहून मला हसू आले होते.

पुस्तक संपल्यावर त्याच आठवड्यात ‘आइनुलिंदाले’ पुन्हा वाचावे. अर्धा-पाऊण तास लागतो. पहिल्या वेळी जे नुसते गूढ शब्दांचे गाणे वाटले होते त्यातला प्रत्येक बेसूर आता ओळखीचा निघतो. मी ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वाचले. त्यात एक जागा आहे जी मी आधीच्या तिन्ही वेळी वाचून विसरले होते: मेल्कोर आपली अतिरेकी थंडी आणि बेलगाम आग घेऊन उल्मोच्या पाण्यावर तुटून पडतो, आणि निर्माता उल्मोला म्हणतो की बघ, त्या थंडीने तुझ्या पाण्याचे हिम झाले, आणि त्या उष्णतेने ढग झाले. मी पुस्तक खाली ठेवून कूलर बंद केला, कारण बाहेर वारा फिरला होता आणि खिडकीतून ओल्या मातीचा वास येऊ लागला होता.